वारा, दोरी आणि कृत्रिम माशी : इंग्लंडमधील गळ-मासेमारीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित घटक

कृत्रिम माशीच्या साह्याने मासे पकडण्याच्या इंग्रजी छंदाचा इतिहास आजवर बहुधा ग्रंथांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी कोणता ग्रंथ केव्हा लिहिला, कोणत्या लेखकाने कोणत्या माशीची कृती कोणाकडून उचलली, आणि एका पक्षाचे मत दुसऱ्या पक्षाने कसे खोडून काढले, यांचीच चर्चा तेथे अधिक आढळते. वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु इंग्लंडातील जमीनदार आणि सुखवस्तू मध्यम वर्ग यांनी पाच शतके या छंदाविषयी इतके लिहून ठेवले आहे की, तंत्र आणि विचार यांचा परस्परसंबंध तपासून पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकास याहून सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. प्रस्तुत निबंधात या वाङ्मयाकडे एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे. वारा वाहत असता गळ टाकणारा काय करीत असे, आणि त्याच्या या करण्यात कालांतराने जो पालट झाला त्याचे कारण मतांत शोधावयाचे की साधनांत, हा तो प्रश्न होय.

प्रथम या क्रियेचे यांत्रिक स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. आपल्याकडील गळाला आमिष असते, बहुधा वजनही लावलेले असते. ते वजन झोकून दिले की दोरी त्याच्या मागोमाग जाते. कृत्रिम माशीचे तसे नाही. पिसे, लोकर आणि रेशमाचा धागा गळावर गुंडाळून केलेली ही वस्तू वजनाने ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकीही क्वचितच भरते. ती फेकता येत नाही. फेकावयाची असते ती दोरी, आणि माशी तिच्या टोकाला बांधलेली असल्यामुळे केवळ तिच्या मागून ओढली जाते. आता, दोरीचे वजन तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, पण वाऱ्याला सापडणारा तिचा पृष्ठभाग केवळ जाडीच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दोरी जितकी हलकी व बारीक, तितकी ती वाऱ्याच्या अधीन. जितकी भरीव व जड, तितकी ती वाऱ्याला भेदून जाण्यास समर्थ. वाऱ्यात गळ टाकण्याची कला म्हणून जे काही पुढील काळात सांगितले गेले ते सर्व या साध्या नियमाच्या मर्यादेत घडलेले आहे.

कृत्रिम माशीचा सर्वांत जुना निःसंदिग्ध उल्लेख इंग्लंडातील नव्हे. इ. स. २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने आपल्या प्राणिविषयक ग्रीक ग्रंथात मॅसिडोनियातील अॅस्ट्रीयस नदीवरील कोळ्यांचे वर्णन केले आहे. गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसे बांधावयाची. काठी सहा फुटांची आणि दोरीही तितकीच. या मापांचा अर्थ स्पष्ट आहे. काठीइतकीच दोरी असता तिला फेकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. माशी नुसती पाण्यावर टेकवावयाची असते.

इंग्लंडमधील पहिला छापील ग्रंथ १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने प्रसिद्ध केला. शिकारविषयक एका संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने गळ-मासेमारीवरील हे प्रकरण घातले आणि पुढे ते डेम ज्युलियाना बर्नर्स या नावावर चढले. या कर्तृत्वाला ठोस आधार नाही, हे आता सर्वमान्य आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यातील दोरीचे प्रमाण. घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोरी करावी. ट्राउटसाठी नऊ केसांची, मोठ्या ट्राउटसाठी बारा केसांची, आणि सामन माशासाठी पंधरा केसांची, असे हा ग्रंथ सांगतो. घोड्याच्या केसाला लांबी थोडी, म्हणून अशी दोरी लहान लहान तुकडे एकमेकांस गाठी मारून तयार करीत. गाठींमुळे ती काठीवरील कड्यांतून सरकत नसे, आणि सरकली तरी तिच्या अंगी वजन नसल्यामुळे ती पुढे धाव घेत नसे. फिरकीचा उल्लेख टॉमस बार्करच्या १६५१ च्या ग्रंथात येतो खरा. पण तिचा उपयोग लागलेल्या मोठ्या माशाला दोरी सोडण्यापुरता होता, फेक लांबविण्यासाठी नव्हे. लांब फेक हवी असेल तर उपाय दोनच. एक तर काठी लांब करावयाची, किंवा वाऱ्याचे साह्य घ्यावयाचे.

आयझॅक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली निघाला आणि १६७६ पर्यंत त्याच्या पाच आवृत्त्या झाल्या. त्यातील माशीविषयक भाग वॉल्टनने बराचसा बार्करकडून घेतला, हे त्याने स्वतःच सूचित केले आहे. त्याचा उपदेश असा की, गळ टाकण्यापूर्वी वारा पाठीशी घ्यावा, ऊन असल्यास सूर्य समोर ठेवावा, आणि प्रवाहाच्या दिशेने खाली खाली सरकत जावे. शक्य तर माशीखेरीज दोरीचा कोणताही भाग पाण्याला लागू देऊ नये. 'वारा येईल तशी पाठ द्यावी' ही आपली म्हण येथे अक्षरशः आचरणात आणली जात होती. वॉल्टनच काय, त्या काळचा कोणताही गळवाला वाऱ्याला तोंड देण्याची भाषा करीत नाही. घोड्याच्या केसांची दोरी हाती असता ती भाषा अर्थशून्यच ठरली असती.

परंतु हे नियम नीट पडताळून पाहिले तर त्यांतून एक अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे भाष्यकारांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. सर्व वाऱ्यांत दक्षिणेचा वारा उत्तम व पूर्वेचा निकृष्ट, हे जुने मत वॉल्टन स्वीकारतो. इंग्लंडमध्ये मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस असतो. म्हणजे सूर्य समोर ठेवून उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या पाठीवर वारा यावयाचा असेल तर तो उत्तरेचा असला पाहिजे. दक्षिणेचा उत्तम वारा त्याच्या तोंडावर येणार. शिवाय वॉल्टनचे संवाद ज्या ली नदीच्या परिसरात घडतात ती नदी वेअर गावापासून लंडनकडे स्थूलमानाने दक्षिणेस वाहते. तिच्या काठाने प्रवाहाबरोबर खाली जाणाऱ्याला दक्षिणेचा वारा पाठीशी कसा मिळावा ? नदीला वळणे असतात आणि सकाळ-संध्याकाळी सूर्य आडवा असतो, हे मान्य केले तरी हे सर्व नियम एकाच वेळी पाळता येतील असे प्रसंग विरळाच. तेव्हा हे नियम एका मनुष्याच्या अनुभवातून एकत्र आलेले नाहीत. भिन्न ठिकाणचे व भिन्न काळचे संकेत ग्रंथकाराने एका सूत्रात ओवले आहेत, असा निष्कर्ष काढणे भाग पडते. स्वतः वॉल्टनला याची जाणीव असावी. कारण लगेच पुढे तो म्हणतो की, आकाश ढगाळ असेल आणि थंडी फार नसेल तर वारा कोणत्या कोपऱ्यातून येतो याची आपण पर्वा करीत नाही. पाठांतराने आलेला नियम आणि प्रत्यक्षाचा अनुभव यांचे असे शेजारी शेजारी बसणे हे त्या काळच्या व्यवहारग्रंथांचे लक्षणच आहे. आपल्याकडील कृषिविषयक अथवा अश्वपरीक्षेच्या पोथ्यांतही याची उदाहरणे अभ्यासकांस आढळतील.

याच स्थळी वॉल्टनने एक शब्द वापरला आहे, तो वादग्रस्त ठरू शकतो. आपण 'ली-शोअर'वर उभे राहून गळ टाकणे पसंत करतो, असे तो सांगतो. नाविकांच्या बोलीत ली-शोअर म्हणजे वारा ज्या किनाऱ्यावर जाऊन आदळतो तो किनारा. गलबताला सर्वांत धोक्याचा. परंतु 'ली' या शब्दाचा मूळ अर्थ आडोसा असा आहे, आणि त्या अर्थाने वाऱ्यापासून सुरक्षित असलेला काठ म्हणजे वारा जेथून येतो तो काठ होय. दोन्ही अर्थ परस्परविरुद्ध आहेत. कोशांच्या साह्याने याचा निर्णय होणे कठीण. पण साधनांच्या साह्याने होतो. नाविकांचा अर्थ घेतला तर गळवाला वाऱ्याकडे तोंड करून उभा राहणार आणि त्याची केसांची दोरी त्याच्याच अंगावर उलटून येणार. आडोशाचा अर्थ घेतला तर वारा पाठीशी येतो, दोरी पाण्यावर पुढे वाहत जाते, आणि थंडीच्या दिवशी मासे आडोशाच्या बाजूला सरकतात या त्याच्या पुढील विधानाशीही संगती लागते. म्हणून येथे नाविकांचा अर्थ त्याज्य मानला पाहिजे. शब्दाचा अर्थ ठरविताना त्या काळी हातात कोणते उपकरण होते हे पाहणे किती आवश्यक आहे, याचे हे बोलके उदाहरण आहे.

वॉल्टनचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने १६७६ च्या आवृत्तीला जोडलेला दुसरा भाग प्रत्यक्ष अनुभवाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. डर्बीशायरच्या सीमेवरील डव्ह नदीच्या काठी त्याचे घर होते आणि नदीची प्रत्येक वळचण त्याला ठाऊक होती. काठी पाच-सहा यार्ड लांब असावी आणि दोरी तिच्याहून यार्ड-दोन यार्ड अधिक, हे त्याचे माप. एरवी वाहत्या धारेत गळ टाकावा. पण वाऱ्याने पाण्यावर लहरी उठत असतील तर संथ डोहांकडे वळावे, कारण त्या लहरींमुळे तेथील मासे मनुष्याला पाहू शकत नाहीत. जिवंत माशी लावून मासे पकडण्याची जी रीत तो सांगतो ती तर वाऱ्यावरच उभारलेली आहे. दोरी नेहमी आपल्या पुढे उडत राहिली पाहिजे, वारा नेईल तशी प्रवाहाच्या वर अथवा खाली. आणि वारा असेल तर ती अधिक लांब सोडावी. पतंग उडविणाऱ्या मुलाला जे कौशल्य लागते तेच येथे लागत होते. वारा हा या मासेमारीतील अडथळा नव्हता. तो तिचा अर्धा हिस्सेदार होता.

ही भागीदारी किती दीर्घकाळ टिकली याचा उत्कृष्ट पुरावा हॅम्पशायरमधील हाउटन फिशिंग क्लबच्या दप्तरात आहे. १८२२ साली टेस्ट नदीकाठच्या स्टॉकब्रिज गावी स्थापन झालेल्या या मंडळाच्या सभासदांत शिल्पकार सर फ्रान्सिस चँट्री यांच्यासारखी प्रतिष्ठित माणसे होती. त्यांनी ठेवलेल्या रोजनिशीचे संपादन सर हर्बर्ट मॅक्सवेल यांनी १९०८ साली प्रसिद्ध केले. मे-जून महिन्यांत मोठ्या जलमाशा पाण्यावर आल्या की हे गृहस्थ रेशमाच्या मोकळ्या, न पिळलेल्या धाग्यांची दोरी लांब काठीला बांधीत. वाऱ्याने ती फुगून पाण्यावर तरंगत जाई आणि टोकाची जिवंत माशी ट्राउटच्या तोंडापाशी अलगद उतरे. अर्थात वारा पडला की सारे ठप्प. पाणी आरशासारखे स्वच्छ, मासे डोळ्यांसमोर, आणि हाती काठी असूनही वाऱ्याची वाट पाहण्यापलीकडे इलाज नाही, अशी त्यांची स्थिती होई. आजच्या कोणत्याही मार्गदर्शक ग्रंथात वारा 'कसा टाळावा' हे सांगितलेले असते. स्टॉकब्रिजच्या त्या मंडळींना तो कोठून आणावा ही चिंता होती.

पुढे अर्ध्या शतकात ही परिस्थिती पार उलटली. रूढ इतिहास याचे श्रेय एका मताला देतो. फ्रेडरिक हॅलफर्ड आणि जॉर्ज सेल्विन मॅरियट यांची भेट १८७९ साली विंचेस्टर येथील एका दुकानात झाली. १८८६ साली हॅलफर्डचा तरंगत्या माशांवरील ग्रंथ आणि १८८९ साली कोरड्या माशीच्या मासेमारीचा शास्त्र व प्रयोग सांगणारा ग्रंथ निघाला. आणि त्यानंतर एक नवा धर्मच स्थापन झाला. मासा वर येताना दिसल्याशिवाय गळ टाकावयाचा नाही; त्याच्या मागे, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभे राहून वरच्या बाजूस फेक करावयाची; माशी कोरडी व तरंगती राहिली पाहिजे. या नियमांना हॅलफर्डच्या अनुयायांनी जवळजवळ नैतिक आज्ञांचे स्वरूप दिले. त्यामुळे इतिहासकारही हा पालट अभिरुचीचा व नीतीचा मानत आले. प्रस्तुत लेखकास ही उपपत्ती अपुरी वाटते.

कोरडी माशी वापरण्याची कल्पना हॅलफर्डची नव्हे. डेव्हनमधील ॲक्समिन्स्टरच्या जॉर्ज पुलमनने १८४१ साली आपल्या छोट्या पुस्तकात ती स्पष्ट सांगितली आहे. प्रवाहाच्या वरच्या दिशेने फेक करण्याचा पुरस्कार स्कॉटलंडमध्ये डब्ल्यू. सी. स्टुअर्टने १८५७ साली मोठ्या हिरिरीने केला, आणि त्यासाठी दोन हातांच्या लवचिक काठीऐवजी एका हाताची आखूड व ताठ काठी वापरावी असेही सुचविले. मात्र प्रवाहाबरोबर खाली येणारा जोराचा वारा सुटला की वर फेक करणे अशक्यप्राय होते, अशा वेळी खालच्या दिशेने गळ टाकणेच बरे, ही सवलत त्याला द्यावी लागली. म्हणजे तत्त्व उपलब्ध होते, युक्तिवादही पूर्ण होता; अडत होते ते वाऱ्यापाशी. ज्या तत्त्वाप्रमाणे उभे राहण्याची जागा मासा ठरवितो, त्या तत्त्वात वारा पाठीशी घेण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. जुना गळवाला वारा पाहून काठ निवडी. नव्या गळवाल्याला मासा पाहून काठ निवडावयाचा होता. त्यासाठी वाऱ्याला न जुमानणारी दोरी आधी हवी होती.

ती १८७० ते १८९० या दोन दशकांत मिळाली. विणलेल्या रेशमी दोरीत तेल मुरवून, वाळवून व घासून ती गुळगुळीत आणि भरीव करण्याची रीत या काळात पक्की झाली. मध्यभागी जाड व टोकांकडे निमुळती अशी ही दोरी कड्यांतून सहज सरकत असे आणि आपल्याच वजनाने पुढे धाव घेत असे. तिला पेलण्यास तितकीच चिवट काठी हवी. हिकरी व ग्रीनहार्ट यांसारख्या लाकडांच्या काठ्या पुरेशा ताठ केल्यास जड होत. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातील सॅम्युअल फिलिप याने १८४० नंतरच्या दशकात बांबूच्या चिपा चिकटवून काठी करण्यास आरंभ केला होता. मेन प्रांतातील हायरम लेनर्डने १८७० नंतर सहा चिपांची षट्कोनी काठी यंत्राने मोठ्या प्रमाणावर तयार केली. इंग्लंडात ॲल्निक येथील हार्डी बंधूंनी १८८० नंतर तीच वाट धरली.

येथे हिंदुस्थानचा संबंध येतो तो नमूद केला पाहिजे. या काठ्यांसाठी प्रथम जो बांबू वापरला जाई त्याला व्यापारात 'कलकत्ता बांबू' म्हणत. चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा पुढे घेतली. आणि ज्या पिसांवाचून अनेक इंग्रजी माशा अपुऱ्या मानल्या जात ती मानेवरील ठिपकेदार पिसे आपल्या सह्याद्रीत व दक्षिणेत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याची होत. हॅम्पशायरच्या कुरणांतील त्या अतिशिष्ट छंदामागे साम्राज्याचा व्यापार उभा होता, याचा उल्लेख त्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळ-मासेमारीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, परंतु त्याचे लक्ष मुख्यतः महसीर माशावर असल्यामुळे तो आपल्या विषयाच्या कक्षेबाहेर राहतो.

नवी काठी आणि नवी दोरी हाती आल्यावर दोन गोष्टी एकदम साध्य झाल्या. भिजलेली माशी हवेत दोन-चार वेळा पुढेमागे खेळवून वाळविता येऊ लागली. केसांच्या दोरीने हे वाऱ्यात करणे अवघडच होते. आणि वारा समोरून असला तरी फेक पुरी होऊ लागली. हॅलफर्डने आपल्या १८८९ च्या ग्रंथात प्रतिकूल वाऱ्यातील फेकीचे निराळे विवेचन केले आहे, ही गोष्टच मुळी अर्थपूर्ण आहे. वॉल्टन व कॉटन यांना तशा प्रकरणाची गरजच भासली नव्हती. कोरड्या माशीचा धर्म १८४१ साली स्थापन न होता १८८६ नंतर स्थापन झाला याचे कारण पुलमनची लेखणी दुबळी होती असे नव्हे. डेव्हनमधील अरुंद ओढ्यावर जे थोड्या दोरीने साधते ते टेस्टच्या रुंद, उघड्या खोऱ्यात साधण्यासाठी तेल मुरविलेले रेशीम लागत होते.

या संदर्भात भूगोलाचा विचारही उपयुक्त ठरतो. दक्षिण इंग्लंडात बहुतांश दिवस वारा नैर्ऋत्येकडून वाहतो. टेस्ट नदी आणि विंचेस्टरपासून खालची इचिन नदी या दोन्ही स्थूलमानाने दक्षिणेकडे वाहतात. अर्थातच नेहमीचा वारा तेथे प्रवाहाच्या उलट, म्हणजे वरच्या दिशेने जातो, आणि वर फेक करणाऱ्याच्या पाठीशी येतो. हॅलफर्डचा संप्रदाय याच दोन नद्यांच्या काठी उदयास आला, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही. अनुकूल वाऱ्याच्या प्रदेशात तयार झालेले नियम पुढे साऱ्या इंग्लंडाला लागू करण्यात आले. उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील नद्यांवरच्या लोकांनी ते मनोभावे कधीच स्वीकारले नाहीत. याचे स्पष्टीकरण केवळ त्यांच्या हट्टी स्वभावात शोधण्यापेक्षा त्यांच्या नद्यांच्या दिशा, प्रवाहाचा वेग आणि वाऱ्याचे स्वरूप यांत शोधणे अधिक सयुक्तिक होईल. नद्यांच्या दिशांवरून मतांचा उगम सांगणे धाडसाचे आहे, आणि हा तर्क पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य करूनही तो विचारार्ह आहे.

या पालटात काही गमावलेही गेले. वाऱ्यावर सोडावयाची रेशमी दोरी एकाएकी हलक्या प्रतीची, किंबहुना असभ्य मानली जाऊ लागली. आजोबांनी जी कला अभिमानाने रोजनिशीत नोंदविली ती नातवांना फसवणूक वाटू लागली. तसेच, ज्या नद्यांवर मासेमारीचा हक्क काठच्या जमिनीच्या मालकीशी जोडलेला होता तेथे पाण्याचे लहान लहान पट्टे भाड्याने दिले जाऊ लागले. पट्टा घेणाऱ्यास काठ बदलण्याची मुभा नसे. मिळालेल्या जागी, मिळालेल्या वाऱ्यात त्याला गळ टाकावा लागे. वाऱ्याला तोंड देण्याचे कौशल्य हे त्याच्यासाठी शोभेचे नव्हते, भाड्याचे पैसे वसूल करण्याचे साधन होते. जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० साली बुडत्या माशीचा पक्ष पुन्हा मांडला आणि १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर प्रसिद्ध वाद झाला. पण त्या वादातही दोन्ही पक्षांच्या हाती तेच तेल मुरविलेले रेशीम होते.

स्कॉटलंडातील स्पे नदीवर याच प्रश्नाचे निराळे उत्तर निघाले. तेथे उंच दरडी आणि झाडी यांमुळे दोरी मागे फेकण्यास जागा नसे. तेव्हा ती पाण्यावरच वळवून, मागे एक वेटोळे करून, पुढे झोकून देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. जॉर्ज केल्सनच्या १८९५ च्या ग्रंथात तिची चर्चा आहे. ही पद्धत झाडीमुळे जन्मली असली तरी वाऱ्यानेच तिला व्यवस्था दिली. वारा प्रवाहाच्या वर जात असेल तर एकेरी फेक, खाली येत असेल तर दुहेरी, हा संकेत तेव्हापासून आजतागायत शिकविला जातो. त्याचे कारण सौंदर्यदृष्टीचे नाही. वेटोळे नेहमी मनुष्याच्या अशा बाजूस पडले पाहिजे की वारा ते त्याच्यापासून दूर नेईल. अन्यथा सामन माशासाठी केलेला मोठा गळ फेकणाऱ्याच्याच गालात अथवा डोळ्यात रुतावयाचा. एका हाताच्या काठीलाही हाच नियम लागू आहे. फेकणाऱ्या हाताच्या बाजूने येणारा वारा समोरच्या वाऱ्याहून घातक; अशा वेळी दोरी विरुद्ध खांद्यावरून न्यावी, किंवा पाठमोरे उभे राहून मागची फेकच पाण्यावर टाकावी. समोरचा वारा असेल तर पुढील फेक खाली, पाण्यालगत करावी, कारण पाण्याच्या पृष्ठभागाशी घर्षणामुळे वाऱ्याचा वेग मंदावलेला असतो. दोरीचे वेटोळे जितके अरुंद तितका त्याला विरोध कमी. पाण्याचे रक्षक आणि स्कॉटलंडातील गिली या सेवकांना हे सारे ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या आधी ठाऊक असले पाहिजे. त्यांनी लिहून ठेवले नाही, म्हणून इतिहासात त्यांच्या मालकांची नावे राहिली.

फेकीचे स्वतंत्र सामने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरू लागले आणि वाऱ्याशी झुंज हीच काही जणांची साधना झाली. ऑरेगनमधील पोर्टलंडच्या मार्व्हिन हेज याने १९३४ साली सेंट लुइस येथील राष्ट्रीय सामन्यात दोन गोष्टी एकत्र आणल्या. दोरीचे वजन तिच्या पुढच्या भागात एकवटलेले, आणि मागील व पुढील अशा दोन्ही फेकींच्या वेळी डाव्या हाताने दोरीला दिलेला झटका. या दुहेरी झटक्याने दोरीचा वेग वाढतो, आणि वाऱ्यातील फेकीचा तो आज मुख्य आधार मानला जातो. त्यानंतरचा इतिहास रसायनशास्त्राचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन, मग प्लॅस्टिकचे आवरण असलेली दोरी, काचतंतूंची काठी, १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूंची. दोरीचे वजन आता अंकांनी सांगितले जाते. सर्वसाधारण ट्राउटसाठी वापरल्या जाणाऱ्या पाच क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या तीस फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम असते. डेम ज्युलियानाच्या नावावरील ग्रंथात केसांची संख्या मोजली जात होती, आता वजन मोजले जाते. मोजमापाच्या या एककातच सर्व पालट साठवलेला आहे.

तथापि जुनी भागीदारी सर्वत्र मोडली असे मात्र नाही. आयर्लंडातील कॉरिब आणि मास्क या विस्तीर्ण सरोवरांवर मे महिन्यात जिवंत जलमाशी लावून मासे पकडण्याची रीत अद्याप चालू आहे. लांब काठी, हलकी दोरी, आणि वाऱ्याला आडवी सोडलेली होडी. वारा होडीलाही वाहून नेतो आणि दोरीलाही. काठी धरणाऱ्या पाहुण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, येथे वल्हे धरणाऱ्या स्थानिक माणसाचा वाटा असतो. आपल्या कोकणातील तांडेलांना मतलई वारा पहाटे कोणत्या वेळी सुटेल हे जसे सांगावे लागत नाही, तसेच या लोकांचे आपल्या सरोवराविषयीचे ज्ञान आहे, आणि तेही बव्हंशी अलिखितच. इंग्लंडातील सॉमरसेटमध्ये ब्रिस्टॉल शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले ब्लॅग्डन सरोवर १९०४ साली मासेमारीस खुले झाले, आणि नदीवर शिकलेल्या लोकांना सरोवरावरील वाऱ्याचा धडा नव्याने गिरवावा लागला. वारा वरचे ऊबदार पाणी आणि त्यावरील कीटक ढकलीत पलीकडच्या काठाशी नेतो, व मासे तेथे गोळा होतात. त्या काठावर उभे राहिले की वारा तोंडावर. स्कॉटलंडमधील सरोवरांच्या पाहणीच्या काळात, १९०० नंतरच्या दशकात, ई. एम. वेडरबर्न यांनी लॉख नेसमधील उष्ण व थंड थर वाऱ्याने कसे तिरपे होतात आणि वारा पडल्यावर कसे हिंदकळतात याचा अभ्यास केला, आणि गळवाल्यांच्या या अनुभवाला भौतिकशास्त्राचा आधार मिळाला. सरोवरावर मासे ज्या काठाशी असतात तो नाविकांच्या अर्थाचा ली-शोअर होय. वॉल्टनला नदीकाठी जो अर्थ घेणे शक्य नव्हते तो जड दोरीच्या आधारे अडीचशे वर्षांनी घेता आला. आणि आजचे वाचक वॉल्टनचे ते वाक्य वाचताना बहुधा हाच नंतरचा अर्थ त्यात नकळत घालतात.